मॉन्ट्रियलमधील दोन वचने



वर्तमानपत्रात 'आंतरराष्ट्रीय पर्यावरण परिषद संपन्न' अशी बातमी आली की आपण ती वरवर वाचतो आणि पान उलटतो. "मोठमोठी माणसे विमानाने जातात, थंडगार सभागृहात बसून भाषणे करतात आणि परत येतात. त्यातून आपल्या विहिरीचे पाणी थोडेच वाढणार आहे?" असे आपल्यापैकी अनेकांच्या मनात येते. ही शंका अगदीच निराधार आहे असे नाही. अशा कितीतरी परिषदांचे ठराव कागदावरच राहिले. परंतु ही शंका पूर्णपणे खरीही नाही, आणि तिच्या आडोशाला बसून आपण स्वतःची सुटका करून घेतो, हे अधिक धोक्याचे आहे.

म्हणून आजच्या अभ्यासलेखात आपण एकाच शहरात भरलेल्या दोन परिषदांचा विचार करणार आहोत. ते शहर म्हणजे कॅनडा देशातील मॉन्ट्रियल. पहिली परिषद भरली १९८७ साली व दुसरी २०२२ साली. पहिल्या परिषदेत जगाने जे वचन दिले ते बहुतांशी पाळले गेले. दुसऱ्या परिषदेतील वचनाची मुदत २०३० साली संपते. पहिले वचन का पाळले गेले हे आपण नीट समजून घेतले, तर दुसऱ्यासाठी काय करावे लागेल आणि त्यात आपला वाटा कोणता, हेही आपल्याला समजेल.

१. पहिले वचन : आकाशातील छत्री

जमिनीपासून साधारणपणे १५ ते ३५ किलोमीटर उंचीवर ओझोन वायूचा एक विरळ थर आहे. सूर्यप्रकाशातील घातक अतिनील किरण हा थर अडवून धरतो. हा थर विरत गेला तर त्वचेचा कर्करोग आणि मोतीबिंदू यांचे प्रमाण वाढते, पिकांना आणि समुद्रातील सूक्ष्म जीवांना इजा पोहोचते. ही छत्री आपण विकत घेतलेली नाही. ती आपल्याला दान मिळालेली आहे.

१९३० च्या दशकापासून क्लोरोफ्लुरोकार्बन, म्हणजेच सीएफसी नावाची रसायने वापरात आली. फ्रिज, वातानुकूलन यंत्रे, स्प्रेचे डबे, फोमच्या गाद्या अशा अनेक ठिकाणी त्यांचा उपयोग होऊ लागला. ती विषारी नव्हती, पेट घेत नव्हती, स्वस्तही होती. सगळ्यांना वाटले, हे तर वरदानच! पण १९७४ साली कॅलिफोर्निया विद्यापीठातील मारिओ मोलिना आणि शेरवुड रोलंड या दोन शास्त्रज्ञांनी धोक्याची सूचना दिली. ही रसायने खालच्या हवेत नष्ट होत नाहीत, त्यामुळे ती हळूहळू वर चढत जातात. तेथे अतिनील किरणांनी ती फुटतात आणि त्यांतून सुटणारा क्लोरीन ओझोनचा नाश करतो. क्लोरीनचा एक अणू ओझोनचे सुमारे एक लाख रेणू नष्ट करू शकतो. ज्या टिकाऊपणामुळे ही रसायने चांगली मानली गेली, तोच टिकाऊपणा घातक ठरला.

हे मान्य व्हायला वेळ लागला. रसायने बनवणाऱ्या उद्योगांनी विरोध केला. मे १९८५ मध्ये जोसेफ फार्मन आणि त्यांच्या दोन ब्रिटिश सहकाऱ्यांनी अंटार्क्टिकावरील निरीक्षणे प्रसिद्ध केली. तेथे दर वसंतऋतूत ओझोनचा थर भयावह प्रमाणात विरत होता. 'ओझोनचे भोक' हा शब्द तेव्हापासून जगाच्या तोंडी बसला. त्यानंतर सव्वादोन वर्षांत, १६ सप्टेंबर १९८७ रोजी, २४ देशांनी आणि युरोपीय आर्थिक समुदायाने मॉन्ट्रियल येथे करारावर सह्या केल्या. ओझोनच्या भोकाला सीएफसीच जबाबदार आहे याचा पक्का पुरावा त्या वेळी अजून हाती यायचा होता. तरीही ते थांबले नाहीत. घर पेटल्याची खात्री पटेपर्यंत पाण्याची बादली भरायची नाही, हे शहाणपणाचे लक्षण नव्हे, एवढे त्यांना कळले होते.

२. ते वचन का पाळले गेले?

पहिले कारण असे की, त्या करारात 'प्रयत्न करू', 'भर देऊ' अशी गुळगुळीत भाषा नव्हती. कोणती रसायने, किती टक्के, कोणत्या सालापर्यंत कमी करायची, हे त्यात लिहिलेले होते. दुसरे, प्रत्येक देशाने दरवर्षी आपला हिशेब द्यायचा होता. तिसरे, करारात सामील न होणाऱ्या देशांशी या रसायनांचा व्यापार करायचा नाही, असे कलम होते; त्यामुळे बाहेर राहण्यात फायदा उरला नाही. चौथे, दर चार वर्षांनी शास्त्रज्ञांनी परिस्थिती तपासायची व त्यानुसार करार अधिक कडक करायचा, अशी तरतूद होती. मूळ करारात सीएफसीचा वापर निम्म्यावर आणण्याची अट होती. पुढे लंडन (१९९०) आणि कोपनहेगन (१९९२) येथील बैठकांत त्यांच्या संपूर्ण बंदीच्या तारखा ठरल्या.

पाचवे कारण न्यायाचे आहे आणि त्याचा आपल्या देशाशी थेट संबंध आहे. भारत व चीन सुरुवातीला करारात सामील झाले नाहीत. त्यांचे म्हणणे असे की, श्रीमंत देशांनी पन्नास वर्षे ही रसायने वापरली आणि आकाश बिघडवले. आता कोठे आमच्या घरात फ्रिज येऊ लागले, तर त्याचा भुर्दंड आम्ही का सोसावा? लंडनच्या बैठकीत भारताच्या तत्कालीन पर्यावरणमंत्री मेनका गांधी यांनी ही बाजू ठामपणे मांडली. अखेर विकसनशील देशांना अधिक मुदत द्यावी आणि नवे तंत्रज्ञान स्वीकारण्यासाठी श्रीमंत देशांच्या पैशातून एक निधी उभारावा, असे ठरले. त्यानंतर १९९१ साली चीन आणि १९९२ साली भारत करारात सामील झाला. जबाबदारी सर्वांची, पण भार प्रत्येकाच्या कुवतीप्रमाणे व त्याने केलेल्या हानीप्रमाणे, हे तत्त्व येथे प्रत्यक्षात उतरले.

परिणाम काय झाला? २००९ साली जगातील प्रत्येक देश या करारात सामील झालेला होता. संयुक्त राष्ट्रसंघाच्या इतिहासात असे प्रथमच घडले. व्हॅटिकननेही २००८ साली त्यास मान्यता दिली होती. ओझोनला मारक ठरणाऱ्या रसायनांपैकी सुमारे ९९ टक्के आज वापरातून गेली आहेत. ठरलेले नियम असेच पाळले गेले तर जगाच्या बहुतेक भागांत ओझोनचा थर २०४० च्या सुमारास व अंटार्क्टिकावर २०६६ च्या सुमारास १९८० सालच्या स्थितीला येईल, असा शास्त्रज्ञांचा अंदाज जानेवारी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्या घरातील फ्रिजच्या लेबलावर 'आर-६००ए' असे लिहिले असेल, तर मॉन्ट्रियलच्या त्या वचनाचा एक धागा आपल्या स्वयंपाकघरापर्यंत पोहोचला आहे असे समजा. जुन्या फ्रिजमध्ये असलेल्या सीएफसीऐवजी ओझोनला अपाय न करणारा तो वायू आहे.

या वाटचालीत लबाडीही झाली. २०१८ साली शास्त्रज्ञांना हवेत सीएफसी-११ हे बंदी घातलेले रसायन अपेक्षेपेक्षा जास्त आढळले. त्याचा मोठा वाटा पूर्व चीनमधून येत असल्याचे पुढील वर्षी उघड झाले. बभ्रा झाला, कारवाई झाली आणि प्रमाण पुन्हा खाली आले. कोणीतरी सतत मोजत होते, म्हणून चोरी सापडली. वचन आणि भाबडा विश्वास या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. वचनाला पहारा लागतो.

३. मधल्या काळातील मोडलेली वचने

आता दुसऱ्या विषयाकडे वळू. १९९२ साली ब्राझीलमधील रिओ दि जानेरो येथे 'वसुंधरा परिषद' भरली. तेथे जैवविविधतेचा करार सह्यांसाठी खुला झाला. जैवविविधता म्हणजे जिवांची विविधता : वाघ आणि देवमासा तर खराच, पण भाताचे जुने वाण, गांडूळ, मधमाशी, खाजणातील तिवर आणि पाणथळीतील बेडूकही. आज १९६ पक्ष या कराराला बांधील आहेत. अमेरिकेने १९९३ साली सही केली, मात्र तिला संसदीय मंजुरी कधीच मिळाली नाही.

२००२ साली हेग येथे या देशांनी ठरवले की, २०१० पर्यंत जीवसृष्टीच्या ऱ्हासाचा वेग लक्षणीयरीत्या कमी करायचा. तसे झाले नाही. मग ऑक्टोबर २०१० मध्ये जपानमधील नागोया येथे २०२० पर्यंतची २० उद्दिष्टे ठरली. त्या प्रांताच्या नावावरून त्यांना 'आयची उद्दिष्टे' म्हणतात. सप्टेंबर २०२० मध्ये हिशेब मांडला गेला, तेव्हा जागतिक पातळीवर त्यांपैकी एकही उद्दिष्ट पूर्णपणे साध्य झालेले नव्हते. सहा उद्दिष्टे अंशतः साध्य झाली होती. दरम्यान, २०१९ साली शास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय मंडळाने इशारा दिला होता की, वनस्पती व प्राण्यांच्या सुमारे दहा लाख प्रजातींना नामशेष होण्याचा धोका आहे.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली लिहिलेल्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात हा फरक नेमका टिपला आहे. ओझोनच्या रक्षणाचा करार हे यशस्वी प्रयत्नांचे उदाहरण म्हणून त्यांनी दाखवले (परिच्छेद १६८), आणि लगेच पुढच्या परिच्छेदात, जैवविविधतेच्या बाबतीत मात्र प्रगती फारच तोकडी आहे असे नमूद केले.

४. दुसरे वचन : तीस टक्के

ही पार्श्वभूमी मनात ठेवून डिसेंबर २०२२ मधील परिषदेकडे पाहावे लागते. ती चीनमधील कुनमिंग येथे व्हायची होती. कोविडमुळे पुढे ढकलली गेली आणि शेवटी तिचा मुख्य भाग ७ ते १९ डिसेंबर या काळात मॉन्ट्रियल येथे चीनच्याच अध्यक्षतेखाली पार पडला. शेवटच्या दिवशी पहाटे करार संमत झाला. त्यात २०३० पर्यंतची २३ उद्दिष्टे आहेत. पृथ्वीवरील जमिनीचा व समुद्राचा प्रत्येकी ३० टक्के भाग संरक्षणाखाली आणणे, बिघडलेल्या परिसरांपैकी किमान ३० टक्क्यांची दुरुस्ती सुरू करणे, कीटकनाशकांचा धोका निम्म्यावर आणणे, अन्नाची नासाडी निम्मी करणे, निसर्गाला मारक ठरणारी सरकारी अनुदाने वर्षाला ५०० अब्ज डॉलरनी कमी करणे, निसर्गरक्षणासाठी वर्षाला २०० अब्ज डॉलर उभे करणे, ही त्यांतील प्रमुख होत.

तीस टक्के जमीन राखायची म्हटल्यावर एक प्रश्न लगेच उभा राहतो : त्या जमिनीवर आज राहणाऱ्या माणसांचे काय? अभयारण्याच्या नावाखाली आदिवासींना त्यांच्याच रानातून हुसकावल्याची उदाहरणे जगभर आहेत. म्हणून या करारात मूळनिवासी व स्थानिक समाजांच्या हक्कांचा आदर करण्याची अट घातली आहे. हे शक्य आहे का? आपल्या राज्यात गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड आदिवासींच्या गावाला २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. तेथील ग्रामसभा सर्वांच्या संमतीने निर्णय घेऊन ते जंगल सांभाळते व त्यावर उपजीविकाही करते. माणसाला हाकलून निसर्ग वाचवणे आणि माणसाच्या हाती देऊन निसर्ग वाचवणे, हे दोन वेगळे मार्ग आहेत. गरिबाच्या घरावर नांगर फिरवणारे निसर्गरक्षण आपल्याला मान्य होता कामा नये.

वचन दिल्यानंतर काय झाले? पुढील परिषद ऑक्टोबर २०२४ मध्ये कोलंबियातील काली शहरात भरली. तोपर्यंत प्रत्येक देशाने आपला सुधारित कृती आराखडा सादर करायचा होता. परिषद संपेपर्यंत १९६ पैकी अवघ्या ४४ पक्षांनी तो दिला होता. भारताने परिषदेच्या अखेरच्या दिवसांत आपला आराखडा जाहीर केला. पैशाचा प्रश्न शेवटपर्यंत भिजत पडला. रात्र सरली, विमानांच्या वेळा झाल्या, प्रतिनिधी एकेक करून उठून गेले आणि गणसंख्येअभावी परिषद अर्धवट थांबवावी लागली. राहिलेले काम फेब्रुवारी २०२५ मध्ये रोम येथे पुरे झाले : पैसा कसा उभा करायचा याचा मार्ग व प्रगती मोजायच्या पद्धती तेथे ठरल्या.

५. इच्छा, निश्चय आणि वचन

येथे थोडा तत्त्वज्ञानाचा आधार घेऊ. नवस किंवा व्रत म्हणजे काय, याचा विचार करताना संत थॉमस अक्वायनस म्हणतात की, त्यासाठी तीन गोष्टी लागतात : आधी विचार, मग मनाचा निश्चय आणि शेवटी वचन. निश्चय माझ्या मनातच राहतो. तो मोडला तर कोणाला कळतही नाही. वचन मात्र मी दुसऱ्याला देतो. त्या क्षणापासून त्या दुसऱ्याला माझ्याकडे जाब मागण्याचा अधिकार प्राप्त होतो. हेग व नागोया येथे जे झाले तो फार तर निश्चय होता. कोणत्या देशाने किती करायचे, हे नेमके ठरले नव्हते. त्यामुळे उद्दिष्ट हुकल्यावर जाब तरी कोणाला विचारणार? १९८७ साली मॉन्ट्रियलमध्ये झाले ते खरेखुरे वचन होते, कारण प्रत्येक आकड्यापुढे कोणाचे तरी नाव होते.

मत्तयच्या शुभवर्तमानात (अध्याय २१) प्रभू येशूने दोन मुलांचा दाखला सांगितला आहे. बाप दोघांनाही द्राक्षमळ्यात कामाला जायला सांगतो. एक जण नाही म्हणतो, पण नंतर मन बदलून जातो. दुसरा आदराने हो म्हणतो आणि जात नाही. बापाची इच्छा कोणी पूर्ण केली, हा प्रभूचा प्रश्न राष्ट्रांनाही लागू पडतो. भारत आणि चीन यांनी ओझोनच्या करारास आधी 'नाही' म्हटले होते. न्याय्य वाटणी झाल्यावर ते मळ्यात उतरले. नागोयाला सगळ्यांनी 'हो' म्हटले होते.

तरीही न्यायबुद्धीने एक गोष्ट मान्य करायला हवी. ओझोनचे काम तुलनेने सोपे होते. सीएफसी बनवणारे कारखाने मोजके होते आणि पर्यायी रसायने तयार होत होती. मूठभर कंपन्यांना वळवले की जग वळत होते. जीवसृष्टीचे तसे नाही. ती शेताच्या बांधावर, नाल्याच्या काठी, मासेमारीच्या जाळ्यात, इमारतीसाठी भराव टाकलेल्या पाणथळीत रोज थोडी थोडी कमी होते. तिचे 'कारखाने' कोट्यवधी आहेत आणि त्यांत आपण सारे आलो. म्हणून या दुसऱ्या वचनापुढे नावे लिहायची झाली, तर ती राजधानीत लिहून भागणार नाही. ती गावोगावी लिहावी लागतील.

६. आपल्या गावची नोंदवही

त्यासाठी आपल्या देशात कायदा आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. रिओच्या करारानुसार भारताने २००२ साली जैविक विविधता कायदा केला. त्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत, नगरपरिषदेत व महानगरपालिकेत 'जैवविविधता व्यवस्थापन समिती' असावी लागते. या समितीने स्थानिक लोकांच्या मदतीने 'लोक जैवविविधता नोंदवही' तयार करायची असते. ज्येष्ठ शास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी या कल्पनेचा पाया घातला. आपल्या हद्दीत कोणती झाडे, पक्षी, मासे, पिकांचे वाण आहेत, कोणत्या औषधी वनस्पतींची माहिती कोणाकडे आहे, पूर्वी काय होते आणि आता काय उरले आहे, हे तिच्यात लिहायचे असते.

देशभरात अशा अडीच लाखांहून अधिक समित्या स्थापन झाल्या आहेत. परंतु २०१९ साली राष्ट्रीय हरित लवादाने मुदत घालून दंडाची तंबी दिल्यावर कित्येक ठिकाणी नोंदवह्या घाईने उरकण्यात आल्या. म्हणजे समिती आहे, वही आहे, पण गावाला तिचा पत्ता नाही. ओझोनच्या कहाणीतील धडा आठवा : जे मोजले जाते तेच राखले जाते, आणि जे कोणी पाहत नाही ते गुपचूप नाहीसे होते. जी पाणथळ जागा नोंदवहीत नाही, ती एके दिवशी बुजवली गेली तर 'येथे काही नव्हतेच' असे सांगणे सोपे जाते.

या कामात धर्मग्राम म्हणून आपण बरेच काही करू शकतो. आपल्या पंचायतीत किंवा प्रभाग कार्यालयात जाऊन ही नोंदवही पाहायला मागावी. तिच्यात काय सुटले आहे ते आपल्या वडीलधाऱ्यांना विचारावे. जुन्या भातांची नावे, बुजलेल्या बावखलांच्या जागा, पूर्वी ओढ्यात मिळणारे मासे ही माहिती आज सत्तरी-ऐंशीच्या घरात असलेल्या आजी-आजोबांकडे आहे व ती त्यांच्याबरोबरच जाण्याची भीती आहे. धर्मशिक्षण वर्गातील मुलांनी ती लिहून घ्यावी. आपल्या लग्नसमारंभांत ताटात टाकून दिलेले अन्न निम्मे कमी करण्यासाठी तर कोणत्याच समितीची वाट पाहायला नको. मॉन्ट्रियलचे ते एक उद्दिष्ट येत्या लग्नसराईत आपल्या मंडपातच पूर्ण होऊ शकते. मात्र 'कमी करू या' एवढ्यावर थांबू नये. किती, केव्हापर्यंत आणि कोणी पाहायचे, हे ठरवावे.

लहान ख्रिस्ती समूहांत चर्चेसाठी प्रश्न

१. ओझोनचा करार यशस्वी होण्याची जी पाच कारणे वर दिली आहेत, त्यांपैकी कोणते आपल्या समूहाच्या कामात सर्वांत कमी आढळते?

२. आपल्या परिसरात गेल्या तीस वर्षांत नाहीशी झालेली झाडे, मासे, पक्षी किंवा पाण्याच्या जागा कोणत्या? प्रत्येकाने किमान एक नाव सांगावे व ते लिहून ठेवावे.

३. आपल्या पंचायतीची किंवा पालिकेची जैवविविधता नोंदवही पाहायला कोण जाणार? तारीख व नाव आजच्याच बैठकीत ठरवावे.